बदामाखालचं गाऱ्हाणं

मी गाव सोडलं त्या सकाळी आमच्या अंगणात नारळ ठेवून वाडीतले मानकरी माझ्यासाठी गाऱ्हाणं घालत होते. इथे मुंबईत जन्मलेल्यांसाठी सांगते, गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने, तोंडावर, काय हवं ते सांगणं. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सांगायचा मान ठरलेल्या घराचा असतो. आमचं घर मागे उभं राहणाऱ्यांचं.

"ह्या चेडू मुंबयक जाता, तेका सुखरूप ठेव रे म्हाराजा!" मानकरी म्हणाले. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. सगळ्यांचं म्हणून संपलं, आणि मग एकट्या बाबांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

बाबांचं ते नेहमीचंच. कायम अर्धा श्वास उशिरा. आई टोमणा मारायची, "देव निघान गेल्यार तुमचा व्हय पोचता!" बाबा शांतपणे म्हणायचे, "गर्दीत माझो आवाज देवाक कसो कळतलो?"

एसटीच्या खिडकीशी येऊन त्यांनी मला एवढंच सांगितलं, "मागे उभी रव गो, पण आवाज बारीक करू नको." आठवीत शाळा सुटलेली सोळा वर्षांची मुलगी मी. मागे उभं राहणं इमानाने पाळलं. आवाजाचं काही जमलं नाही.

कांदिवलीत मावशीकडे आले, शिवण शिकले, आणि आज कितीतरी वर्षं आमच्या चौकातल्या बदामाच्या झाडाखाली माझं मशीन आहे. फॉल-पिको, चेन बदलणं, पँट आत घेणं, बाहेर सोडणं. माणसं वजन कमी केल्याचं जगाला सांगतात, खरं काय ते मला माहीत असतं.

गावाकडच्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, "दिवसभर बसून कंटाळत नाय?" अहो, चौक कंटाळू देईल तर ना! सकाळी सहाला म्हातारे हात वर करून खोटं हसतात, आणि एकमेकांचं खोटं हसणं बघून खरं हसायला लागतात. मग शाळेच्या रिक्षा. दुपारी घरपोच जेवण पोचवणारी माणसं जेवणाचीच बॅग उशाला घेऊन झोपतात. चारला जिग्नाबेन येतात, चौकाला अकरा फेऱ्या मारतात, पण दर फेरीला माझ्याशी बोलायला थांबतात, म्हणून अकरा फेऱ्यांना सात वाजतात. रेगेआजोबा बँकेतून रिटायर झालेले. ते पेपर मोठ्याने वाचतात आणि मंत्र्यांना तिथूनच झापतात. एक जोडपं रोज पाठीला पाठ लावून बसतं, म्हणजे कोणी विचारलं तर सांगता येतं की ओळख नाही. अख्ख्या चौकाला माहीत आहे. त्यांच्या लग्नाचा ब्लाउज मीच शिवणार आहे.

मागच्या वर्षी भोवती पत्रे लावून चौक खणायला घेतला. नवीन लाद्या, नवीन बाकडी, झकास होणार म्हणाले. मी मशीन उचलून समोर औषधाच्या दुकानाच्या पायरीशी बसले. महिने गेले. पत्रे निघाले तेव्हा चौक खरंच देखणा झाला होता. फक्त बदामाला गोल कट्टा बांधला होता, आणि माझी मुळांमधली जागा त्या कट्ट्याखाली गेली होती.

मी कोणाला काही बोलले नाही. बोलणार काय? जागा माझी होती कधी? इतकी वर्षं कोणी उठवलं नाही, हेच उपकार. पण टेन्शनने जेवण जाईना. पायरीवर दिवसभर ऊन, आणि दुकानवाल्याने दोनदा गोडीत उठायला सांगून झालं होतं.

रविवारी सकाळी आसपासच्या सोसायट्यांनी नव्या चौकाचा नारळ वाढवायचं ठरवलं. दर होळीला इथे गाऱ्हाणं घालणारे परबकाका नेमके गावी गेलेले. रेगेआजोबा नारळ घेऊन सरळ माझ्याकडे आले.

"सुलू, तू मालवणकडची ना? चल, घाल गाऱ्हाणं."

"मी? आजोबा, आमच्याकडे बायका घालत नाहीत. आमच्या तर घरालाच मान नाही."

"मग काय नुसताच फोडू? बिनपत्त्याच्या पाकिटासारखा?"

माझी वाट लागली. मी बाजूला जाऊन बाबांना फोन लावला. वाटलं, ते नको म्हणतील आणि मी सुटेन. बाबांनी उलट मलाच विचारलं,

"तुका येता मा सगळा?"

"ऐकून ऐकून येता."

"मग घाल. देवाक कान आसत, तो मान खय बघता? फोन चालू ठेव फक्त."

फोन स्पीकरवर टाकून मी कट्ट्यावर, ब्लाउजच्या मापाच्या वहीवर ठेवला. डोळे मिटले, आणि भीतीने तोंडातून गावचंच निघालं. "बा देवा म्हाराजा! सड्यावरच्या, व्हाळाकडच्या, आमच्या वेशीवरच्या राखणदारा..." आणि गचकन थांबले. इथे कुठलं सड्याचं माळरान, कुठलं व्हाळाचं पाणी! समोर सिग्नल. इथल्या नारळावर मी गावच्या देवाला बोलावून बसले होते.

"थांबतेस काय?" रेगेआजोबा ओरडले. "त्यालाही येऊ दे की! नवीन बाकडी आहेत, बसेल!"

सगळे हसले. मीही हसले, आणि हसताना आवाज मोकळा झाला. मग जे तोंडात आलं ते सांगत सुटले. म्हाताऱ्यांची हसणी खरी होऊ देत रे म्हाराजा! "होय महाराजा!" दुपारी बाकड्यावर पाठ टेकणाऱ्यांना कोणी उठवू नये रे म्हाराजा! "होय महाराजा!" जिग्नाबेनच्या अकरा फेऱ्या एकदा तरी न थांबता होऊ देत! पाठीला पाठ लावून बसणाऱ्यांची तोंडं एकमेकांकडे होऊ देत! चौक नुसता दणाणला. ती दोघं लाजून लाल.

मी नारळ उचलला.

"अरे, थांब, थांब!" जिग्नाबेन पुढे आल्या. "तुझा मशीनचा काय? ते पण बोल ना!"

"गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःचं मागायचं नसतं, बेन."

"मग मी घालतो," रेगेआजोबांनी नारळ माझ्या हातातून काढून घेतला. त्यांना पद्धत कुठे ठाऊक! पेपर वाचतात त्याच आवाजात म्हणाले, "बा महाराजा, आमच्या सुलूचं मशीन याच बदामाखाली, याच कट्ट्याला लागून, उद्या सकाळपासून चालू होऊ दे! आणि सोसायटीवाल्यांनो, मी महाराजाला सांगतोय, पण कान तुम्ही पण उघडे ठेवा!"

सगळ्या सोसायट्यांचे सेक्रेटरी तिथेच उभे. सगळा चौक एका आवाजात म्हणाला, "होय महाराजा!"

आता मी कट्ट्याला टेकून बसते. पाठीला सिमेंटचा गारवा लागतो, मशीनवर सावली असते. घर कुठे, असं कोणी विचारलं की मी गावाचं आणि कांदिवलीचं, दोन्ही नावं सांगते, आणि त्या रविवारची आठवण येते. चौकाचं 'होय महाराजा' म्हणून संपलं होतं. आजोबा नारळ फोडायला वाकले होते. आणि कट्ट्यावरच्या वहीवरून, अर्धा श्वास उशिरा, एकटाच आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

नेटवर्क चांगलं होतं.