मावशीचा इंग्रजी पिक्चर

सापडला! अहो, सापडला एकदाचा! ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच उघडा टाकून मी ओरडले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, हिला लॉटरीच लागली.

लहानपणी नाताळच्या दुपारी टीव्हीवर लागायचा तो इंग्रजी पिक्चर. नाव कधी कळलंच नव्हतं. लाल मफलरवाली मुलगी, एका कानाचा कुत्रा आणि सगळीकडे पांढरंच पांढरं, एवढ्याच भांडवलावर मी कित्येक वर्षं इंटरनेट धुंडाळत होते.

होळी नावाच्या गावात आमची केळीची वाडी आणि बांधापलीकडे आमच्या मानलेल्या मावशीचं घर. आम्ही हिंदू, ती ख्रिस्ती, पण टीव्ही तिच्याकडे, त्यामुळे नाताळ आमचाही. मी सहा वर्षांची असताना आई दवाखान्यात होती, बाबा तिच्याजवळ आणि मी मावशीकडे. त्याच नाताळला तो पिक्चर पहिल्यांदा पाहिला. नाताळचे मैद्याचे गोड फुगे तळून झाल्यावर मावशी पदराला हात पुसत येऊन बसली आणि इंग्रजीतलं एकेक वाक्य मला मराठीत सांगू लागली. काय तो रुबाब! अख्ख्या गावात हिच्याएवढं इंग्रजी कुणालाच येत नसणार, अशी माझी खात्री.

आता सापडलाच होता, तर एकटीने बघणं म्हणजे गद्दारी. मावशी हल्ली मुलाबरोबर नायगावला, टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहते. रविवारी दुपारी लेकीला घेऊन तिच्याकडे धडकले. मोबाइल मोठ्या टीव्हीला जोडला, लाल मफलर दिसला आणि मी टाळ्याच पिटल्या. "एवढी घोडी झालीस," मावशी म्हणाली, पण तिनेही खुर्ची पुढे ओढलीच.

माझी लेक नऊ वर्षांची, इंग्रजी शाळेतली. पाच मिनिटांत तिने माझ्या पिक्चरची पार वाट लावली.

"आई, ते मीठ नाहीये. स्नो आहे."

आणि मला तर ते मिठागर म्हणून ठाऊक! "मावशी?"

"तूच विचारलंस, मीठ का गो? मी म्हटलं, हो."

माझा पाववाला पोस्टमन निघाला. मुलीच्या बापाचा दोस्त म्हणून ज्याच्यावर मी जीव टाकला होता, तो चक्क कुत्रा चोरायला आलेला!

"मावशी, तुला इंग्रजी येतं ना?"

"मला? चौथी शिकलेय मी. तीपण मराठी."

हसून हसून पोट दुखायला लागलं. तेवढ्यात काळ्या बॅगवाला माणूस दारात आला आणि मी लेकीच्या आधी ओरडले, "हा बांगडीवाला!" हा भाग मला तोंडपाठ. मुलीच्या आईला बांगड्या भरायच्या असतात, पण ती दमून झोपलेली असते, म्हणून तो बिचारा तसाच परत जातो.

"काहीतरीच काय, आई! डॉक्टर आहे तो."

डॉक्टरने पलंगावरच्या बाईचा हात धरला, मान हलवली आणि चादर तिच्या तोंडावरून ओढली.

माझं हसू तिथेच थांबलं. "गारठा केवढा! डोक्यावरून घेतलं बघ पांघरूण," असं मावशीने तेव्हा सांगितलं होतं. पुढची काळ्या कपड्यांतली माणसं तर लग्नाला निघाली होती. मी किती खुशीत बघितलं होतं ते! त्या मुलीची आई झोपली होती, तशी माझीही दवाखान्यात झोपली होती, आणि दोघी उठणार होत्या.

लेकीचे ओठ थरथरायला लागले. "आजी, ती मेली?"

मावशीने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. "काय नाय बाय. गारठा पडलाय ना, म्हणून पांघरूण घेतलंय."

"मग कधी उठणार?"

"केळी पिकली की."

अगं बाई! मीसुद्धा हेच विचारलं होतं आणि मलाही हेच उत्तर मिळालं होतं. मावशीच्या स्वयंपाकघरात केळ्यांचा हिरवा घड टांगलेला होता. मी रोज सकाळी उठून केळी दाबून बघायची. तो घड काही केल्या पिकेना. दिवसांमागून दिवस गेले, आणि आई घरी आली त्याच दिवशी तो पिवळाधम्मक! इतकी वर्षं मला ती जादूच वाटत आली होती.

"तुला कळलं होतं, मावशी? इंग्रजी येत नसताना?"

"मेलेलं माणूस ओळखायला इंग्रजी कशाला लागतंय? त्याच दिवशी सकाळी तुझा बाप ओट्यावर बसून रडून गेला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते तुझ्या आईपुढं."

मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आई आज सत्तरीची आहे, रोज फोनवर मला झापते, आणि मी तिलाही कधी विचारलं नव्हतं. मला एकदम रडू फुटलं आणि त्यातच हसू आलं.

"पण तो घड? तो बरोबर त्याच दिवशी कसा पिकला गं?"

"एक घड होता का तो?" मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली. "पिवळा पडायला लागला की तू अंगणात गेल्यावर उतरवायचे आणि दुसरा हिरवा टांगायचे. तीन घड गाईला घातले मी. चौथा तेवढा पिकू दिला. तुझी आई येणार, असा निरोप आला होता."