घाट उतरून आलेलं नाव

सुनंदावहिनी पहिल्या हाकेला कधीच ओ देत नसत. दुसऱ्या हाकेला मान किंचित हलायची. तिसऱ्या हाकेला त्या दचकून वळायच्या आणि म्हणायच्या, "अगंबाई, मला होय?" जणू त्या घरात दुसरी कुणी सुनंदा असावी आणि इतका वेळ आपण तिची हाक ऐकत होतो असं त्यांना वाटत असावं.

आमची सोसायटी रत्नागिरीत, नाचणे गावाच्या रस्त्याला. वहिनी आणि अण्णा आमच्या समोरच्या दारात राहायचे. अण्णा एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. इंजिनाचा आवाज ऐकून रोग ओळखणारा, पण माणसांसमोर तोंडातून शब्द न फुटणारा गृहस्थ. मी नेमका उलटा. बँकेत कारकून होतो, पण माझी खरी हौस सूत्रसंचालनाची. सोसायटीचा गणपती असो की कुणाची एकसष्टी, माईक माझ्या हातात. एका शोकसभेत मी दिवंगतांना "पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा" दिल्या होत्या, यावरून माझी योग्यता लक्षात यावी. तरी लोक मला बोलावतात. बायको म्हणते, मानधन घेत नाही म्हणून.

तर वहिनींना कमी ऐकू येतं, असं निदान मी आमच्या दारातच करून टाकलं. नुसतं करून थांबलो असतो तर तो मी कसला! जयस्तंभाजवळच्या एका कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, अण्णांना पटवलं आणि रिक्षात पुढे बसून दोघांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी वहिनींच्या कानाला यंत्र लावून बराच वेळ तपासलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "यांचे कान उत्तम आहेत. आता आलाच आहात तर तुमचेही बघू का?" बघितले. डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं.

परतताना अण्णा औषधाच्या दुकानात गेले, तेव्हा वहिनी रिक्षात पदर तोंडाला लावून हसत होत्या. म्हणाल्या, "भावोजी, कानाचा काय दोष? ते नावच माझं न्हाई."

वहिनींचं माहेर चिपळूणजवळ, अलोऱ्याच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत. वडील मूळचे घाटावरचे, पाटणकडचे. धरण झालं तेव्हा त्यांचं गाव पाण्याखाली गेलं. बाकीचे गावकरी मिळेल तिथे पांगले. हे मात्र त्या पाण्याच्या मागोमाग डोंगराच्या अलीकडे उतरले आणि बोगद्याच्या कामावर लागले. कॉलनीत मुलगी झाली. आजूबाजूला सगळ्या शोभा, सुरेखा, मंगल. बारशाला बायकांनी नाव विचारलं तर हे म्हणाले, "गाव गेलं. नदी तरी घरात ऱ्हाऊ द्या." मुलीचं नाव ठेवलं कोयना.

"शाळेत सारी चिडवायची," वहिनी सांगत होत्या. "कोयना आली, बंद करा दिवे, न्हाईतर शॉक बसंल. पण मला लई आवडायचं. बाईंनी हजेरी घेतली की सुरेखा म्हटल्यावर चौघी उठायच्या. कोयना म्हटलं की मी एकलीच."

लग्न झालं, चिपळूणहून वरात रत्नागिरीला आली आणि माप ओलांडून झाल्यावर तांदळाचं ताट पुढे आलं. आपल्याकडची रीतच ती. नवऱ्याने अंगठीने तांदळात नवं नाव लिहायचं. वहिनींना वाटत होतं, असलं नाव कोण बदलेल? पण सासूबाई अण्णांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "कोय कसली ती? आंबा चोखला की कोय, आपला बाठा, परसात टाकतात. सुनेला कोय म्हणून हाक मारू होय रे? सुनंदा लिही." अण्णांनी लिहिलं. नव्या नवरीने पाहिलं, तांदूळ सारखे झाले, त्यांचाच दुसऱ्या दिवशी भात झाला.

"म्हणजे नाव तुम्ही खाल्लंत की हो," मी म्हणालो. विनोद करायची जागा नव्हती हे मला बोलून झाल्यावर कळतं.

"खाल्लं की," वहिनी म्हणाल्या. "नि बघा ना, आमच्या नदीचं तरी काय झालं? पाणी कोयनेचंच, पण पोफळीच्या वीजघरात यंत्रं फिरवली की पुढं वाशिष्ठीत जातं. चिपळुणात त्याला कोयना कोण म्हणतं? वाहू द्या."

"वाहू द्या" हा त्यांचा शब्द. दूध उतू गेलं, वाहू द्या. मुलगा पुण्याला जाऊन गणपतीलाही येईना, वाहू द्या. त्या असं म्हणाल्या की विषय संपायचा. त्या दिवशी मात्र अण्णा दुकानातून बाहेर पडताना दिसले तेव्हा त्याच हळूच पुन्हा म्हणाल्या, "एकदा ह्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. आई होत्या तवर जमलं न्हाई, ते समजलं. पण आता आईंना जाऊन किती वर्षं झाली."

मी अण्णांना गाठलं. ते सोसायटीच्या टाकीशी व्हॉल्व्ह दुरुस्त करत होते. ऐकून घेतलं आणि पाना तसाच हातात ठेवून म्हणाले, "मला काय ठाऊक नाय होय? पण जीभ वळत नाय हो. आणि खरं सांगू, सुनंदा तरी मी कुठे म्हणतो? अगं, ऐकलंस का, यावरच सगळा संसार झाला. आता ह्या वयात मध्येच कोयना म्हटलं तर ती म्हणेल, म्हाताऱ्याला झालं काय!"

मला युक्ती सुचली. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. सोसायटीच्या गच्चीवर छोटा कार्यक्रम करायचा आणि त्यात अण्णांनी उखाणा घ्यायचा. उखाण्यात जीभ अडत नाही, यमक तिला ओढून नेतं. उखाणाही मीच रचला:

घाट उतरून पाणी आलं, पोफळीला झाली वीज,
कोयनाचं नाव घेतो, आता लागेल निवांत नीज.

अण्णा म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं मी जागाच होतो काय?" पण पाठ केला. गाडी धुताना, झाडांना पाणी घालताना त्यांचे ओठ हलताना मी पाहत होतो. मधल्या शब्दाशी जरा थांबायचे, मग पुढे जायचे. वहिनींना आम्ही पत्ता लागू दिला नाही.

गच्चीवर खुर्च्या लागल्या. वहिनी मोतिया रंगाचं लुगड्यासारखं जड पातळ नेसून, केसात अबोलीचा वळेसर माळून बसल्या होत्या. अण्णा उठले, माईकशी आले, घसा खाकरला. फक्त माईक त्यांच्या हातात द्यायचा होता. बस्स, एवढंच काम. पण माझ्या हातातला माईक सहजासहजी सुटत नाही.

"मंडळी," मी सुरू झालो, "आज अण्णा जे नाव घेणार आहेत ते तुम्ही कधी ऐकलेलं नाही! हापूसच्या ह्या गावात आपल्याच सोसायटीत इतकी वर्षं एक कोय दडून बसली होती!"

हशा पिकला. मागून एका गृहस्थांनी ओरडून विचारलं, "कोय की बाठा?" आणखी मोठा हशा. मीही हसलो. चांगली दाद मिळाली की मला दुसरं काही दिसत नाही.

अण्णा कानापर्यंत लाल झाले. त्यांनी माईक घेतला, एकदा वहिनींकडे पाहिलं आणि खाली मान घालून लग्नातला जुना उखाणा म्हटला. महादेवाच्या पिंडीवरचा बेल आणि शेवटी सुनंदाचं नाव. टाळ्या पडल्या. वहिनींनीही वाजवल्या. मग त्या उठून सगळ्यांना आइस्क्रीम वाढायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी तोंड पाडून त्यांच्या दारात उभा राहिलो. वहिनी कोकमाची सोलं वाळत घालत होत्या.

"वहिनी, माझं चुकलं."

"तुमचं कशानं? तुम्ही बोलणार हे ठाऊकच होतं. ह्यांच्या चेहऱ्यावरनं मला कळलं होतं, आज घेणार म्हणून. तेवढं बघितलं मी." मग सोलं पसरत म्हणाल्या, "वाहू द्या."

त्यानंतर सोसायटीत मी त्यांना मुद्दाम कोयनावहिनी म्हणायला लागलो. त्या पहिल्याच हाकेला वळायच्या, पण मी आहे असं पाहून हसायच्या आणि परत कामाला लागायच्या. माझ्या म्हणण्याने काय होणार होतं? हाक कुणाची, यालाही काही मोल असतं.

गेल्या आश्विनात तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. दवाखान्यात नेतानाही अण्णा "अगं, ऐकतेस ना" म्हणत होते. वर्तमानपत्रात, चौकातल्या फळ्यावर, दिवसांच्या पत्रिकेवर सगळीकडे सुनंदा छापलं गेलं. माहेरची दोन माणसं अलोऱ्याहून आली होती. त्यांनी नाव वाचून, घर चुकलं का, असं मला जिन्यात विचारलं.

यंदा मुलाला मुलगी झाली. बारसं आजीच्या घरी करायचं म्हणून सगळे पुण्याहून आले. सून हौशी. आजीचं माहेरचं नाव तिने कुठून तरी ऐकलं होतं आणि तेच धरून बसली. "किती वेगळं आहे! ऑफिसात सगळ्यांना सांगितलं तर म्हणाले, आम्हांला आधी का नाही सुचलं? आमच्या बिल्डिंगमध्ये एकीने मुलीचं नाव कृष्णा ठेवलंय, एकीने इंद्रायणी. आता नद्याच चालतात." नात्यातल्या एका आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले आणि नाव जाहीर झालं. कोणी हसलं नाही. "कोय की बाठा" विचारणारे गृहस्थही होते. ते म्हणाले, "वा, काय भारदस्त नाव आहे!"

माईक माझ्याकडे होता. मी फक्त जेवणाची वेळ सांगितली.

माणसं पानांवर बसली. अण्णा पाळण्याशी राहिले आणि त्यांच्यासाठी वाढलेली सांज्याची वाटी घेऊन मी तिथे गेलो. ते वाकले होते. "कोयना," ते हळूच म्हणाले. बाळ झोपेत होतं. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा म्हटलं, या खेपेला नीट, बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "कोयना."

मग सरळ होऊन माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर कसलंसं नवल होतं, गाडी उगाच इतके दिवस बंद पडून होती हे कळल्यावर मेकॅनिकला वाटावं तसं.

"म्हणायला काहीच कठीण नव्हतं हो," अण्णा म्हणाले.