धुरीला कीड पडली नाही

लग्न होऊन दुसरबीडला आले तेव्हा माझ्या खालच्या दाढेत चांदीसारखा चकचकीत मसाला भरलेला होता. मामा नागपूरला सरकारी कचेरीत कारकून. त्यांनीच मला तिथल्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्याने दाढ काढली नाही; आतली शीर मारली आणि वरून भोक बुजवलं. सासरी ही दाढ मी आ वासून सगळ्यांना दाखवली. शीरच मेली, आता ही जन्मात दुखायची नाही, असं ऐटीत सांगितलं. बाकीच्या नवऱ्या दागिने मिरवतात, मी दाढ मिरवली.

तिसऱ्या वर्षी, ऐन कापसाच्या वेचणीत, तीच दाढ ठणकू लागली. आधी ती बाकीच्या दातांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटे. मग जिभेचा नुसता स्पर्शही सोसेना. भाकरी दुधात कुस्करून गिळायची, तीही डाव्या बाजूने. चुलीपाशी वाकलं की ठणका कानात जाई आणि डोळ्यांतून पाणी येई. ते पाणी धुराचं आहे असं सगळे समजत.

सासरे नव्हते. घर, शेत, गडीमाणसं सगळं सासूबाईंच्या हुकमात. त्यांना सांगितलं तर त्या सरकी निवडता निवडता म्हणाल्या, "मेलेली दाढ दुखते का बाई? तूनंच त सांगतलं होतं."

माझंच बोलणं माझ्या अंगाशी आलं. त्यात दिवाळीला भाऊ न्यायला येणार होता आणि वेचणी संपल्याशिवाय पाठवणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. तेव्हा दाढेचं दुखणं म्हणजे माहेरी जायचं सोंग, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. मेहकरच्या दवाखान्यात न्या, असं मी यांना विनवलं. हे गावच्या शाळेत मास्तर. चाळीस पोरांना धाकात ठेवत, पण घरात आईच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय पाणीही मागत नसत. म्हणाले, "आईले विचारतो." मला अस्सा राग आला! दाढ माझी, जीव माझा, आणि विचारायचं आईला.

शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. गावात एक म्हातारी दाढेला धुरी द्यायची, तिला बोलावलं. निखाऱ्यावर भुईरिंगणीच्या बिया टाकायच्या, वर मडकं पालथं घालायचं आणि नळीने तो धूर तोंडात घ्यायचा. मग पाण्याच्या परातीवर लाळ गाळायची. दाढेतली कीड पाण्यात पडते, पांढरी, बारीक. अर्ध्या गावाने ती पाहिलेली. मामा म्हणत, ती कीड नव्हे, बियांतलेच कोंब. मलाही ते पटलं होतं.

पण त्या दिवशी परातीवर वाकून मी देवाला म्हणत होते, एक तरी पडू दे. मामांकडून एवढं शिकून मी किड्यांसाठी नवस बोलत होते. धुराने घसा जळाला, लाळ गळत राहिली, दाढेत कुणी तापलेली सुई फिरवावी तसं होत होतं. बिया जुन्या होत्या की काय कोण जाणे, परातीतलं पाणी स्वच्छच राहिलं.

"कीड नाही बाई," म्हातारी म्हणाली. "दाढ साफ हाय."

सासूबाईंनी परात उचलली, उजेडात धरली, पाणी अंगणात फेकलं. दुसऱ्या दिवशी मी वेचणाऱ्या बायांच्या भाकरी थापल्या. अंगात ताप होता, तो चुलीचाच असेल असं मलाही वाटू लागलं. इतकी माणसं नाही म्हणतात तर खरंच मी सोंग करते की काय, हा विचार त्या दुखण्याहून वाईट होता.

त्यानंतरच्या सकाळी माझा उजवा डोळा उघडेना. गाल हनुवटीपर्यंत सुजून तकतकीत लाल झाला होता, तोंड बोटभरही उघडत नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. वेचणी टाकून त्यांनी दमणीला बैल जुंपायला लावले आणि स्वतः माझ्याबरोबर बसल्या.

मेहकरला डॉक्टरांनी दाढ उपटली तेव्हा माझं डोकं सासूबाईंनीच धरलं होतं. पुवाचा वास आला, पण त्या मागे सरल्या नाहीत.

"शीर त मेली होती ना?" त्यांनी विचारलं.

"शीर मेली, पण मुळाखाली पू धरला," डॉक्टर म्हणाले. "गळ्यात उतरला असता तर बाई हाती लागली नसती." मग त्यांनी खड्ड्यात कापसाचा बोळा दाबला आणि घरी जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं मला बजावलं.

परतताना दमणीत माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं. बराच वेळ त्या माझ्या केसांतून हात फिरवत होत्या. मग अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "इतकं दुखत होतं त सांगतलं काऊन नाही, पोरी?"

मी बोळा घट्ट चावून धरला.