भाषणे सर

भाषणे सरांनी जन्मात एकही भाषण केलं नाही. त्यांचं खरं आडनाव वेगळं. पण आमच्या सोलापूरच्या शाळेत संस्थेच्या अध्यक्षांची सगळी भाषणं तेच लिहून देत, म्हणून शिक्षकांनी हे नाव पाडलेलं. वडील हातमागावर बसायचे, घरची भाषा तेलुगू. पण मराठी सरांसारखं कुणाचं नव्हतं. मुख्याध्यापकपद दोनदा त्यांना डावलून अध्यक्षांच्या नात्यात गेलं. दोन्ही वेळा स्वागताचं भाषण सरांनीच लिहिलं.

अध्यक्ष कागद आधी कधी वाचत नसत. सर म्हणायचे, "माइकपुढं माणूस नुसता वाचत जातो, बाई. काय बोललो ते त्याला टाळ्यांनंतर कळतं."

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मी या शाळेत नोकरीला लागले. अक्षर बरं, म्हणून भाषण उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा आमच्याकडे 'अ' तुकडी व्यापाऱ्यांच्या आणि संचालकांच्या मुलांची; चांगले शिक्षकही तिलाच. गिरणीतल्या आणि विडी कामगारांच्या मुलांना 'क' तुकडी. मार्कांचा काही संबंध नसे.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या भाषणात शेवटची ओळ होती : 'येत्या जूनपासून तुकड्या मार्कांवर पडतील, घराण्यावर नाही, हा माझा शब्द आहे.'

मी थांबले. "सर, हे अध्यक्षांनी सांगितलंय?"

"नाही. लिहा तुम्ही. जरा मोठं काढा."

अध्यक्षांनी ती ओळ खणखणीत वाचली. मागं उभे असलेले कामगार टाळ्या थांबवेनात.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी आम्हा दोघांना बोलावलं. "हे डोकं कुणाचं?"

"माझं," सर म्हणाले. "बाईंनी नुसतं उतरवून काढलं."

मी अजून कायम झाले नव्हते. मान खाली घालून उभी राहिले. चारचौघांत दिलेला शब्द अध्यक्षांना फिरवता येईना. सरांची बदली मात्र आठवड्यात जेऊरच्या शाखेत झाली.

स्टेशनवर मी म्हटलं, "सर, मी बोलायला हवं होतं."

"मग दोघंही जेऊरला. इथं मार्कांवर तुकड्यांच्या याद्या कुणी लावल्या असत्या?" एवढंच बोलून ते गाडीत चढले. पुन्हा आमची भेट झाली नाही.

जूनमध्ये याद्या मीच लावल्या. विडी वळणारी एक बाई आली. तिला वाचता येत नव्हतं. मुलीचं नाव तिनं सांगितलं, मी शोधून दाखवलं. "अ तुकडी."

"चुकून तर न्हाय लागलं, बाई?"

"नाही. तिच्या मार्कांनी लागलंय."

तिनं मान हलवली. तरीही मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन तिनं पुन्हा एकदा विचारलं, आणि मगच ती घरी गेली.