मुंडीचा नमुना

ज्या माणसाला मासळीचा वास सोसत नाही, त्यालाच मासळीच्या तपासणीवर साहेब म्हणून बसवलं, तिथंच सगळं बोंबललं. सत्तर-पंच्याहत्तरच्या मधली गोष्ट. रामदासपेठेतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी नमुने कापायची आणि तपासायची. साहेब नाकाला रुमाल लावून दारात उभे राहायचे आणि मासा कसा कापायचा ते मला शिकवायचे. मला, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या ढिवराच्या पोरीला! तळपायाची आग मस्तकात जायची, पण मी सुरी चालवत राहायची.

कामठीकडच्या एका तलावातली मासळी आमच्याकडे आली. शेतात फवारलेलं औषध वाहत तलावात उतरलं होतं आणि मासे मरून वर आले होते. उरलेली मासळी खावी की नाही, एवढंच आम्हाला सांगायचं होतं. माझा मोठा भाऊ त्याच तलावात जाळं टाकायचा. घरात वहिनी ओली बाळंतीण. आमच्यात बाळंतिणीला मुंडी आणि पोटाची चरबी देतात, दूध उतरतं म्हणून.

साहेबांचा हुकूम असा, की मुंडी, कातडी, पोट सगळं फेका आणि नुसतं पांढरं मांस घ्या. अहो, ते औषध चरबीत जाऊन बसतं, हे त्यांच्याच पुस्तकात लिहिलेलं! मी तसं म्हटलं.

"मुंडकी कोण खातं बाई, मांजरं?"

"आम्ही खातो, साहेब."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत, त्यांना किळस आली. ते तोंड मला आजही आठवतं आणि आजही दोन ठेवून द्याव्याशा वाटतात.

नमुन्याचा अर्क काचेच्या पट्टीवर चढवायचा, औषध असलं तर काळा डाग येतो; मांसाच्या काचेवर काहीच उमटलं नाही. मी मुंड्या फेकल्या नव्हत्या. दुपारच्या सुट्टीत त्या वाटून, चरबी काढून तीच तपासणी केली. काजळाचं बोट लावावं तसा काळा डाग आला. औषध होतं, आणि भरपूर होतं. साहेबांनी ती काच नळाखाली मला माझ्याच हातानं धुवायला लावली. नमुन्यात मुंडी धरलेलीच नाही, म्हणाले.

मासळी खाण्यास योग्य, असा अहवाल टाईप होऊन आला. तपासणाऱ्याची सही माझी लागत होती. दोन दिवस मी तणतणले. तिसऱ्या दिवशी केली. नोकरी होती, दुसरं काय सांगू?

रविवारी कामठीला धावले. वहिनी जेवायला बसली होती, मांडीवर लेकरू. मी भावाला सांगितलं, हे खाऊ देऊ नको, यात जहर आहे, मी डोळ्यानं पाहिलं. तलावावर चिकटवलेला अहवाल त्यानं वाचला होता. तो शांतपणे म्हणाला, "त्या कागदावर सही त तुहीच आहे ना वं?"

मी हो म्हटलं. वहिनीनं ताटली पुढं ओढली आणि मुंडी फोडली.