शिवेबाहेर न जाणारी वही

देवकाबाईने एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आडवा आला तरी ती हटायची नाही. दवनीवाड्याजवळच्या गावात ती लोकांचे अर्ज टाइप करून देते. तिच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला विंडोज झेपेना, तेव्हा तिने स्वतः शिकून त्यात विंडोजऐवजी चालणारी, फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली बसवली.

यंदा तलावात पाणी थोडं. आधी भिजवायचं कोणी, यावरून गावात जुंपली. वरचे म्हणाले, आधी आमचं. खालच्या टोकाला रुख्माचं धान करपायला लागलं होतं. ती म्हणाली, पाण्याच्या पाळीची जुनी वही पाहा. वही निघाली, पण नेमक्या त्या पानाची शाई उडालेली. मोबाईलच्या फोटोत नुसता पिवळा डाग. देवकाबाई म्हणाली, गोंदियाला नेऊन स्कॅन करू, अक्षर गडद करता येतं. वही सांभाळणारे तिचे चुलतसासरे बकारामजी ठाम राहिले.

"वही शिवंच्या भायेर नाई जात, बाई. माह्या बापानंबी नाई नेली."

मग स्कॅनरच गावात आणायचा. नवा घ्यायची ऐपत नव्हती. गोंदियात जुन्या मालाच्या पहिल्या दुकानात लिनक्स म्हणजे कुठल्या कंपनीचा साबण, असा चेहरा झाला. दुसरा दुकानदार म्हणाला, विंडोज डालो, सब चलेगा. असल्या फुकटच्या सल्ल्याने तिचं डोकंच फिरलं. पुढच्या खेपेला, स्कॅनर तिथेच जोडून पाहायला, तिने आपला सीपीयूच तांदळाच्या पोत्यात घातला आणि बसमध्ये चढली. पोत्यावर पाय ठेवणाऱ्या एका गृहस्थाची तिने अशी खरडपट्टी काढली की तो तिरोड्याच्या फाट्यापर्यंत पाय वर धरूनच बसला.

तिसऱ्या, चुन्नीलालच्या दुकानात तिने सीपीयू टेबलावर मांडला. तो म्हणाला, बहनजी, बेकार की मेहनत है.

"चालते का नाई ते मी पायते. तुमी फक्त वायर द्या."

दोन स्कॅनर मुके निघाले. तिसरा, फुटक्या झाकणाचा, नव्या विंडोजने कधीच वाळीत टाकलेला. तो लिनक्सने पाहताक्षणी ओळखला आणि काचेखाली उजेडाची पट्टी सरकली. चुन्नीलालने तो भंगाराच्या भावात दिला.

संध्याकाळी तिच्या दुकानात अर्धं गाव जमलं. बकारामजींनी स्वतःच्या हाताने वही काचेवर ठेवली. देवकाबाईने पान मोठं केलं, रंग काढून टाकला, शाई गडद केली. पडद्यावर ओळ उमटली. ती तिने आधी मनात वाचली. तिची स्वतःची बांधी, म्हणजे धानाचं शेत, वरची, तलावाच्या काठाला लागूनच. तरी तिने ओळ मोठ्याने वाचली: कमी पाण्याच्या साली पहिलं पाणी शेवटच्या बांधीला.

बकारामजी हळूच म्हणाले, "अन् तुह्या बांधीचं काय, बाई?"

"लिवलं हाये ना, मामाजी."

दुसऱ्या दिवशी पाणी तिच्या बांधीजवळून वाहत खाली रुख्माकडे गेलं. देवकाबाईला वाईट वाटलंच. पण फावडं घेऊन ती पाटावर उभी राहिली, मधे कोणी पाणी फोडू नये म्हणून.