गोदाच्या मांडीवरचं सूप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते — ऐका.

गोदा माझी धाकटी नणंद. जन्मापासून आंधळी, एक अंग लुळं, वर फेफरं. तिला एकटं सोडता येत नसे. बहात्तरच्या दुष्काळात जामखेडकडचं आमचं सगळं गाव खडी फोडायला जायचं. ज्यांच्यानं काहीच काम होत नाही, त्यांना सरकार घरबसल्या मदत देणार होतं. ती मिळाली असती तर मी घरी, तिच्याजवळ राहिले असते.

मदतीची नावं लिहायला साहेब घरी यायचा होता म्हणून मी तिला न्हाऊ घातलं, धडकं लुगडं नेसवलं, मांडीवर रेशनच्या मिलोचे, त्या तांबड्या ज्वारीचे, दाणे घालून सूप दिलं. परका माणूस येणार, घरची बाई रिकामी कशी दिसू द्यायची — आमची रीतच तशी. सूप असलं की ती शांत बसे. बोटं थरथरत, दाणे हलत. निवडत काही नसे.

दारात बायका जमल्या. साहेबानं कागद काढला.

"आंधळी लिहू का पांगळी? एकच लिहायचंय."

"दोनी हाय, सायेब," मी म्हणाले. "फेपरं बी येतं."

शेजारची भागाआत्या म्हणाली, "लिवा कायबी. बसून खानारी हाय, येवढं खरं."

बायका हसल्या. माझ्या अंगाची आग झाली.

"बसून न्हाई खात," मी म्हणाले. "दानं निवडती की."

साहेबानं सुपाकडं बघितलं आणि लिहिलं — हलके काम करू शकते.

चौथी शिकलेली मी. वाचलं. 'थांबा सायेब' — दोनच शब्द म्हणायचे होते. पण भागाआत्या उभी होती ना. मग दुसऱ्या दिवशी चावडीवर जाता आलं नसतं? आलं असतं. गेले नाही.

मदत आली नाही. मीही खडीवर जाऊ लागले. जाताना गोदाला लुगड्याच्या पट्टीनं मेढीच्या खांबाला बांधायची — फेफऱ्यात चुलीत पडू नये म्हणून. हाताशी तांब्या ठेवायची.

चैत्रात एक दिवस परत आले तर तांब्या लवंडलेला. ती पट्टीत अडकून पालथी पडलेली. अंग गार.

नवऱ्याला मी सांगितलं होतं, साहेबानं नाव कापलं. मरेपर्यंत तो जेवताना त्या माणसाला शिव्या द्यायचा. मी भाकरी वाढत 'व्हय' म्हणायची.

साहेबानं काही कापलं नव्हतं. मी सांगितलं, तेच लिहिलं होतं.